ऑर्डर नेमकी कुठे अडते? मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटीचं परीक्षण, फराळाच्या वेबसाइटच्या निमित्ताने

फराळ, मसाले, हापूस, पैठणी असं काहीबाही ऑनलाइन विकणाऱ्या लहान दुकानदारांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: वेबसाइटवर माणसं येतात, पण ऑर्डर येत नाही. मग कोणी रंग बदलायला सांगतं, कोणी जाहिरातीत आणखी पैसे घालायला. आलेला माणूस नेमका कुठे अडला, हे मात्र कोणी पाहिलेलंच नसतं. मायक्रोसॉफ्टची क्लॅरिटी ही सेवा तेवढं एक काम करते. चाचणीचा काळ संपून ऑक्टोबर २०२० मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि तेव्हापासून फुकट आहे. बोट कुठे टेकलं, पान किती खाली सरकवलं, माणूस कुठून माघारी फिरला, हे सगळं ती दाखवते. लहान दुकानाने ती लावावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र डॅशबोर्डवरच्या, म्हणजे आकड्यांच्या पहिल्या पडद्यावरच्या, टक्केवारीसाठी लावायची नाही, एकेका भेटीतल्या हालचाली पुन्हा दाखवणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी लावायची. टक्केवारीच्या नादाने चांगली चाललेली पानं मोडून ठेवणारे लोक कमी नाहीत.

नमुन्यादाखल आपण फराळाची वेबसाइट धरू: मुखपृष्ठ, चकलीचं पान, कार्ट, पत्ता, पैसे. जवळजवळ सगळं गिऱ्हाईक मोबाइलवरून येणारं, आणि वर्षाची मोठी विक्री दिवाळीआधीच्या तीन-चार आठवड्यांत.

लावणं सोपं, पण दोन गोष्टी त्याच दिवशी करा

मायक्रोसॉफ्ट, गूगल किंवा फेसबुकच्या खात्याने आत जायचं, नवा प्रोजेक्ट करायचा, वेबसाइटचा पत्ता द्यायचा. मिळालेला छोटा कोड प्रत्येक पानाच्या हेड भागात बसवायचा. वर्डप्रेस असेल तर प्लगिन आहे, शॉपिफाय आणि विक्ससाठी वेगळी सोय आहे, गूगल टॅग मॅनेजरमधूनही टाकता येतो. आकडे दिसू लागायला दोनेक तास धरा. कोड पानाला न अडवता मागून उतरतो, त्यामुळे पान त्याच्यासाठी ताटकळत नाही.

पहिली गोष्ट, सेटिंगमध्ये जाऊन दुकानातल्या आणि वेबसाइट बनवणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचे आयपी पत्ते (जोडणी ओळखू येणारे क्रमांक) वगळा. ते राहिलं तर दिवसाला चाळीस रेकॉर्डिंग दिसतात आणि त्यातली पंधरा घरच्यांचीच असतात. मोबाइल डेटाचा आयपी सारखा बदलतो, म्हणून तपासणी शक्यतो दुकानाच्या वायफायवरूनच करा.

दुसरी गोष्ट, मजकूर झाकण्याची पातळी. कडक, मध्यम आणि सैल अशा तीन पातळ्या आहेत. मुळात मध्यम लावलेली असते आणि तीत गिऱ्हाइकाने चौकटीत लिहिलेला मजकूर, आकडे आणि ईमेल पत्ते झाकले जातात. पण ऑर्डर झाल्यावर आभाराच्या पानावर आपणच गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता छापतो. ते चौकटीत नसल्यामुळे मध्यम पातळीवर उघडं राहतं. त्या भागाला झाकण्याची खूण वेगळी लावावी लागते. आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायद्याचं सोडा, कोथरूडच्या एखाद्या आजींचं नाव आणि सोसायटी वेबसाइट बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर दिसण्याचं काहीच कारण नाही. पातळी बदलली तरी बदल पुढच्या रेकॉर्डिंगना लागू होतो, जुन्यांना नाही. म्हणून हे पहिल्याच दिवशी.

डॅशबोर्डवरचे आकडे: कशावर विश्वास ठेवायचा

पहिल्याच पडद्यावर चार शब्द ठळक दिसतात. रेज क्लिक, शब्दशः रागाचं क्लिक, म्हणजे एकाच जागी भराभर टेकवलेलं बोट. डेड क्लिक म्हणजे टेकवलं पण पानावर काहीच घडलं नाही. क्विक बॅक म्हणजे पान उघडून लगेच मागे फिरणं. चौथं, गरजेपेक्षा जास्त वरखाली सरकवणं. यातल्या रेज आणि डेड क्लिकचा फार बाऊ केला जातो.

फराळाच्या पानावर रेज क्लिक कुठे सापडतात? अधिकच्या चिन्हावर. चकली पाव किलोच्या पाकिटात असते आणि माणसाला दीड किलो हवी असते, म्हणून तो ते चिन्ह भराभर दाबतो. तो रागावलेला नाही, तो तर सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहे! यंत्राला मात्र तो राग वाटतो. पण खूण अगदीच वाया जात नाही. त्या जागी पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी सरळ तीन बटणं दिली की दाबादाबी थांबते. फोटोंच्या मालिकेतल्या बाणावरही असंच होतं, तिथे काही करायची गरज नसते.

डेड क्लिकचंही तसंच. वाचता वाचता ओळीवर बोट टेकवण्याची पुष्कळांना सवय असते, ते मोजू नका. पण तीन जागा मात्र जरूर पाहा. पदार्थाच्या फोटोवर डेड क्लिक असतील तर लोकांना तो मोठा करून बघायचाय आणि तो होत नाहीये. फोन नंबरवर असतील तर नंबर नुसता मजकूर म्हणून छापलाय, त्याला फोन लावणारी लिंक नाही. आणि "मोफत घरपोच"च्या रंगीत पट्टीवर असतील तर ती बटणासारखी दिसतेय. तिन्ही दुरुस्त्या तासाभराच्या आहेत.

उष्णतेचे नकाशे, म्हणजे पानावर कुठे किती हालचाल झाली ते रंगांत दाखवणारे हीटमॅप, दिसायला आकर्षक असतात. आमच्या मते त्यातला सरकवण्याचा नकाशा सर्वांत कामाचा. मोबाइल निवडून चकलीच्या पानाचा हा नकाशा काढा आणि "कार्टमध्ये टाका" हे बटण कितव्या टक्क्याच्या पट्ट्यात येतं, म्हणजे किती टक्के माणसं तिथवर पोचतात, ते बघा. वर भला मोठा फोटो, मग घराण्याचा इतिहास, मग साहित्य आणि त्यानंतर किंमत असा क्रम असेल, तर निम्मी माणसं किमतीपर्यंत पोचलेलीच नसतात. उपाय एकच: फोटो पडद्याच्या निम्म्यापेक्षा उंच नको, त्याखाली नाव, वजन, किंमत, बटण. इतिहास खाली घ्या. ज्याला वाचायचाय तो वाचतोच.

खरी किंमत रेकॉर्डिंगची

सगळी रेकॉर्डिंग पाहत बसलं तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. गाळणी (फिल्टर) अशी लावा: उपकरण मोबाइल, आणि बाहेर पडलेलं पान म्हणजे पत्त्याचं पान. घ्यायचं ठरवून इथवर आलेली आणि तरीही परत गेलेली माणसं तेवढी उरतात. त्यातली वीस-तीस रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने, मधला रिकामा वेळ गाळून पाहा. शेजारी कागद ठेवा आणि तीन रकाने आखा: कुठल्या चौकटीपाशी थांबला, काय केलं, असंच आधी किती जणांनी केलं. चौथ्यांदा तीच चौकट आली की थांबा आणि आधी ती दुरुस्त करा.

एक प्रसंग वारंवार दिसतो. नाव भरलं, मोबाइल नंबर भरला, पिनकोड भरला, "पुढे" दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. पाच-सहा वेळा दाबून माणूस पान वर सरकवतो. तिथे लाल अक्षरात "पिनकोड चुकीचा आहे" असं केव्हाचं लिहिलेलं असतं, पण बटण खाली आणि सूचना वर, त्यामुळे त्याला ते दिसलेलंच नसतं. तो पिनकोड खोडतो, पुन्हा भरतो, पुन्हा तेच. मग निघून जातो.

आता इथे क्लॅरिटीची मर्यादा लागते. चौकटीत काय लिहिलं ते झाकलेलं असल्यामुळे तुम्हाला फक्त ठिपके दिसतात. पिनकोड का चुकला हे क्लॅरिटी सांगत नाही. तो शोध फॉर्म स्वतः भरून घ्यायचा, आणि मराठी गिऱ्हाइकांच्या बाबतीत कारणं बहुधा पुढच्यांपैकी असतात.

आपण पिनकोड तीन आकडे, मोकळी जागा, तीन आकडे असा लिहितो: ४११ ०३०. चौकटीला सहाच अक्षरांची मर्यादा घातलेली असेल तर मोकळी जागासुद्धा मोजली जाते आणि शेवटचं शून्य आत शिरतच नाही. मोबाइल नंबरचं आणखी वाईट. दहा अक्षरांची मर्यादा असते आणि फोनने आपोआप भरताना पुढे अधिकचं चिन्ह आणि ९१ लावलं, की शेवटचे तीन आकडे कापले जातात. माणसाला नंबर भरलेला दिसतो, तो मोजून बघत नाही.

तिसरं कारण देवनागरी अंकांचं. मराठी कीबोर्डवरून पत्ता लिहिणारा माणूस आकडेही देवनागरीतच लिहून जातो. फॉर्म तपासणारी जावास्क्रिप्ट "अंक" म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखते. तिच्या लेखी ४११०३० हा आकडाच नसतो. माणसाने अगदी अचूक लिहिलेलं असतं आणि वेबसाइट त्याला चुकलास म्हणते. मराठीत दुकान मांडायचं आणि मराठीत आकडे लिहिले म्हणून गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवायचं, हे मनाला फार लागतं.

दुरुस्ती तिन्हींची एकच आहे. अक्षरांची मर्यादा काढून टाका. जे येईल ते घ्या आणि तपासण्याआधी साफ करा: देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा (यूनिकोडमध्ये ते शून्य ते नऊ सलग आहेत, त्यामुळे ठरावीक फरक वजा केला की झालं), अंक सोडून बाकी सगळं गाळा, मोबाइलसाठी शेवटचे दहा आणि पिनकोडसाठी सहा आकडे धरा. चौकटीला इनपुटमोडची "न्यूमरिक" खूण द्या, म्हणजे फोन थेट आकड्यांची पाटी उघडतो. आणि सूचना त्या त्या चौकटीच्या खालीच लिहा आणि "पुढे" दाबल्यावर पान पहिल्या चुकलेल्या चौकटीपाशी न्या. तिथल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर आयफोनवर चौकटीला हात लावताच पान मोठं होतं आणि बटण पडद्याबाहेर जातं. तेही आत्ताच बघून घ्या.

पैशांच्या पानावर क्लॅरिटीला दिसत नाही ते

पेमेंट गेटवेची, म्हणजे आपल्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची, खिडकी दुसऱ्या संकेतस्थळाची असते, तिच्या आतलं काही रेकॉर्ड होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये माणूस नुसता थांबलेला दिसतो. तो यूपीआय ॲपमध्ये गेला, पिन चुकला, की नेटवर्क गेलं, यातलं काही कळत नाही. ते गेटवेच्या स्वतःच्या नोंदीत पाहायचं आणि दोन्हीकडच्या वेळा जुळवायच्या. त्याआधी एवढं मात्र तपासा: मोबाइलवर आपण क्यूआर कोड तर दाखवत नाही ना? ज्या फोनच्या पडद्यावर कोड आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपायचा कसा? तिथे थेट यूपीआय ॲप उघडणारं बटण हवं आणि कोड फक्त कॉम्प्युटरवर. जाहिरातीतून येणारी माणसं बरेचदा सोशल मीडियाच्या ॲपमध्येच उघडलेल्या ब्राउझरमध्ये असतात, तिथून यूपीआय ॲप उघडेलच असं नाही. ती वाट आपल्या फोनवर एकदा पूर्ण चालून पाहा, अगदी पैसे जाईपर्यंत.

व्हॉट्सॲपचंही असंच. पुष्कळ माणसं कार्ट भरतात आणि मग हिरव्या बटणावरून विचारतात, "काकू, शुक्रवारपर्यंत पोचेल ना?" ऑर्डर तिकडेच ठरते. क्लॅरिटीच्या हिशेबी मात्र तो सोडून गेलेला. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये पदार्थाचं नाव आधीच लिहून ठेवा, म्हणजे आलेला संदेश कुठल्या पानावरून आला ते कळतं. आणि नंबर देशाच्या ९१ या कोडासह, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य आणि आडव्या रेघा काढून लिहा. तसा नसेल तर लिंक चालत नाही.

मराठी पानांचे दोन दोष

देवनागरी फॉन्ट उशिरा उतरला की ओळी लांब-आखूड होतात, खालचं सगळं सरकतं आणि "मागवा"वर नेलेलं बोट भलत्याच जागी पडतं. रेकॉर्डिंगमध्ये ही चूक माणसाची वाटते, पण ती पानाची असते. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये हे सरकणं सीएलएस या आकड्यात मोजलं जातं, तो ०.१ च्या आत हवा. मुख्य मजकूर किंवा फोटो दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, आणि बोट टेकल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने हालचाल दाखवावी. हा तिसरा निकष मार्च २०२४ पासून आला. तिन्ही आकडे दर चार भेटींपैकी तीन भेटींत साधायला हवेत. फॉन्टची दोनच वजनं (जाडीचे प्रकार) ठेवा, प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, फोनने काढलेला तीन-चार एमबीचा फोटो तसाच चढवू नका. हजार-बाराशे पिक्सेल रुंदीचा वेबपी, म्हणजे वेबसाठीच्या हलक्या प्रकारातला फोटो, पुरे.

दुसरा दोष बटणांचा. बटणाची उंची इंग्रजी शब्द धरून ठरवलेली असते. त्यात "खरेदी सुरू करा" घातलं की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा आणि बटणाला ठरावीक उंची न देता वरखाली मोकळी जागा द्या. बोटासाठी ४८ पिक्सेलची जागा सोडली की शेजारचं बटण चुकून दाबलं जात नाही. आणि "सबमिट" हा शब्द काढा. दाबल्यावर काय होणार तेच लिहा: "ऑर्डर नक्की करा".

उणिवा

सर्वांत मोठी उणीव म्हणजे रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतात. फराळवाल्यांना नेमकी हीच नडते. दिवाळीत मान वर करायला फुरसत नसते, तुळशीचं लग्न झाल्यावर निवांत बसून पाहू म्हणावं तर सुरुवातीच्या आठवड्यांची रेकॉर्डिंग गेलेली असतात. ज्यावर खूण केली किंवा लेबल लावलं ती मात्र १३ महिने टिकतात, हीटमॅपही १३ महिने. म्हणून हंगामात रोज रात्री दहा मिनिटं काढून पाच-सहा रेकॉर्डिंगना "पत्ता", "पैसे", "कुरिअर" अशी लेबलं लावत जा. पुढच्या वर्षीच्या तयारीला तीच उपयोगी पडतात.

रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओ नव्हे. पानाचा सांगाडा आणि हालचाली साठवून क्लॅरिटी ते नंतर पुन्हा उभं करते. आपल्या सर्व्हरने फॉन्ट किंवा सजावटीच्या फाइली बाहेरच्यांना नाकारल्या असतील तर रेकॉर्डिंगमध्ये पान मोडलेलं दिसतं. गिऱ्हाइकाला ते तसं दिसलं असेलच असं नाही. आधी आपल्या फोनवर बघा, मग डिझाइनरला फोन करा.

क्लॅरिटीतला कोपायलट हा एआय सहायक रेकॉर्डिंगचा सारांश लिहून देतो. कुठलं रेकॉर्डिंग आधी उघडायचं हे ठरवायला तो बरा. त्यावर विसंबून पान बदलू नका.

आणि "का" हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्यासाठी पाच माणसं पुरतात, असं वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं आणि लहान दुकानाला ते आजही लागू पडतं. साइट कधीच न पाहिलेल्या पाच जणांना आपापल्या फोनवर "अर्धा किलो चिवडा नाशिकला पाठवा" एवढंच सांगा आणि शेजारी गप्प बसा. कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर कळला म्हणून नाराज होणारे त्यात निघाले, तर पिनकोड टाकून खर्च पाहायची सोय पदार्थाच्याच पानावर आणा.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड इथल्या भेटींसाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पासून पाहुण्याची संमती क्लॅरिटीला कळवावी लागते. संमती नसेल तर कुकी (पाहुणा तोच आहे हे ओळखणारी छोटी नोंद) ठेवली जात नाही आणि प्रत्येक पान ही वेगळी भेट धरली जाते. म्हणजे लंडनच्या ताईंनी चकलीचं पान, कार्ट आणि पत्ता असा सलग प्रवास केला तरी तुमच्याकडे तीन वेगळ्या माणसांचे तीन तुकडे दिसतात. ते पाहून "परदेशातली माणसं एकच पान पाहून जातात" असा निष्कर्ष काढू नका. संमतीची पट्टी लावून ती क्लॅरिटीला जोडा, नाहीतर ते देश गाळणीतून बाजूला ठेवून भारतातली रेकॉर्डिंग वेगळी पाहा.

दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था यांनी ही सेवा लावू नये. आरोग्य, आर्थिक सेवा आणि सरकारी कामकाजाची माहिती असलेल्या साइटवर ती वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच्याच अटींत आहे. फराळवाल्यांनी मात्र गणपतीतच लावून टाकावी. पितृपक्षात गर्दी कमी असते, तेव्हा पत्त्याचं पान दुरुस्त होतं आणि घटस्थापनेला पहिली जाहिरात जाते तेव्हा पिनकोडची चौकट मोकळी जागाही घेते आणि देवनागरी अंकही.